जुना ॲम्प, नवा टीव्ही आणि मधली वायर

माळ्यावरून उतरवलेला सत्तरच्या दशकातला जपानी ॲम्प्लिफायर, दिवाणखान्यातला नवा टीव्ही, हातातला फोन आणि कपाटातल्या रेकॉर्ड्स हे सगळं स्पीकरच्या एकाच जोडीवर वाजू शकतं, आणि फार सुरेख वाजतं. तरीही कितीतरी घरांत जुना ॲम्प भंगारात जातो आणि टीव्हीखाली साउंडबार येऊन बसतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'जुनं नव्याशी जुळत नाही.' हे खरं नाही. ॲम्पमध्ये शिरणारा आवाजाचा विद्युत संकेत १९७२ साली जसा होता तसाच आजही आहे. न जुळणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, व्होल्ट आणि ओहम. कुठल्या सॉकेटमधून किती व्होल्ट बाहेर पडतात आणि पुढच्या यंत्राला किती चालतात, एवढं कळलं की यंत्रांच्या वयामुळे काही अडत नाही.

यातला सगळ्यांत दुबळा संकेत रेकॉर्ड प्लेअरचा. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला एक चिमुकलं चुंबक असतं. खाचेतून सुई थरथरली की ते तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतं आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. अशा मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीतून, बाहेर पडणारी ही वीज असते साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून तर बहुधा अर्धा मिलिव्होल्टही मिळत नाही. कॅसेट डेक साधारण अर्धा व्होल्ट देतो, सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत जातो. आणि ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २० वॉट ओतायचे तर साडेबारा व्होल्ट लागतात. म्हणजे सुईपासून स्पीकरपर्यंत जाताना संकेत तीन हजारपट मोठा करावा लागतो. जुन्या ॲम्पच्या मागे 'फोनो' आणि 'ऑक्स' अशी दोन वेगळी सॉकेटं असतात, ती याचसाठी: फोनो सुईच्या दुबळ्या संकेतासाठी, ऑक्स बाकीच्यांसाठी.

पण फोनोचं काम केवळ आवाज मोठा करण्यापुरतं नाही. रेकॉर्ड कापतानाच तिच्यावर एक संस्कार केलेला असतो. खालचे स्वर आहेत तसे कापले तर खाच इतकी रुंद हेलकावे घेते की शेजारच्या खाचेत घुसेल, आणि एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं गाणं मावणारच नाही. म्हणून कापताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात. फोनो विभाग नेमकं उलट करतो. २० हर्ट्झच्या आसपासचे स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत जवळपास दहापट उचलतो आणि २० हजार हर्ट्झच्या आसपासचे तितकेच खाली आणतो. वरचे स्वर खाली येताना रेकॉर्डच्या पृष्ठभागाची सुरसुरही त्यांच्याबरोबर दबते, हा मोठा फायदा. या उलटसुलट वळणाचं प्रमाण 'आरआयएए' या नावाने १९५४ साली ठरलं आणि आजही तेच चालू आहे. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक एलपी आज दुकानातून आणलेल्या फोनो प्रीॲम्पवरही, म्हणजे वेगळ्या डबीतल्या फोनो विभागावरही, बरोबर वाजतात.

रेकॉर्ड प्लेअर चुकून ऑक्समध्ये लावला, तर व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही आवाज लांबून आल्यासारखा येतो. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि झांजा तेवढ्या कानाला टोचतात. उलट सीडी प्लेअर फोनोमध्ये लावला तर चार मिलिव्होल्टची सवय असलेल्या सर्किटवर २ व्होल्ट आदळतात. आवाज फाटतो, चिखल होतो, आणि व्हॉल्यूम वर असेल तर स्पीकरलाही धोका. नव्या टर्नटेबलच्या मागे पुष्कळदा 'फोनो' आणि 'लाइन' असं लिहिलेलं छोटं बटण असतं. त्यात प्रीॲम्प आतच बसवलेला असतो. ॲम्पमध्ये फोनो सॉकेट असेल तर बटण फोनोवर ठेवा, नसेल तर लाइनवर ठेवून ऑक्समध्ये लावा. दोन प्रीॲम्प एकामागे एक लागले की सगळं फाटून येतं, आणि बिघाड मात्र टर्नटेबलच्या नावावर लागतो.

एचएमव्ही आणि फिलिप्सचे जे पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर आपल्याकडे घरोघरी होते, त्यांत बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. ती शेकडो मिलिव्होल्ट देते, त्यामुळे तिला फोनोची गरज नसते. पण ती जड बसते. चांगली मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅम भारावर चालते, तर सिरॅमिकला त्याच्या दुप्पट-तिप्पट भार लागतो. हल्ली सूटकेसच्या आकाराचे जे स्वस्त नवे प्लेअर भेट म्हणून दिले जातात, त्यांतही बहुतेकदा हीच जात असते. गीतरामायणाच्या जुन्या एलपी त्यांच्यावर रोज वाजवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घरातल्या विजेकडे वळू. जुनं यंत्र कुठून आलं, हे आधी शोधा. आखातातून आणलेल्या सेटच्या मागे बहुधा ११० ते २४० व्होल्टपर्यंत फिरवता येणारा खटका असतो. तो २२० किंवा २४० वर आहे याची खात्री केली की झालं. अमेरिकेतून आलेला सेट १२० व्होल्टचा आणि खास जपानी बाजारासाठी बनवलेला १०० व्होल्टचा असतो. हे सेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावले तर फ्यूज उडतो. कुणी आधीच फ्यूजच्या जागी तार बांधून ठेवली असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि जुन्या ॲम्पमधला सगळ्यांत न मिळणारा भाग तोच. अशा सेटना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानी सेटला १०० व्होल्ट देणाराच घ्या. यंत्रामागच्या पाटीवर जितके वॉट लिहिलेत, त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा असावा.

टर्नटेबलच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. स्टेप-डाउन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या बऱ्याच टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झवरच आपला वेग धरते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिथली मोटर इथे आणली की मिनिटाला ३३ ऐवजी २८ फेरेही पुरे होत नाहीत, आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते. ज्याने कधी पेटीवर सूर धरला आहे त्याच्या कानाला हे पहिल्याच आलापात कळतं. उपाय आहे: ५० हर्ट्झसाठी बनवलेली पुली मोटरवर बसवायची. १९७२ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांना हा प्रश्न नाही, कारण त्यांचा वेग त्यांचं स्वतःचं सर्किट ठरवतं.

वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला ॲम्प सरळ प्लगमध्ये खुपसू नका. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर एक लाकडी फळी हमखास दिसते. तिच्यावर एक होल्डर, त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेलं एक सॉकेट. हा सिरीज बोर्ड. ॲम्प त्या सॉकेटमध्ये लावून चालू केला की बल्ब क्षणभर झगझगतो, कारण आतले मोठे कंडेन्सर भरत असतात. मग तो मंदावतो आणि फक्त तांबूस धग उरते. तसं झालं तर यंत्रात मोठा शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण तेजाने तसाच जळत राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, आणि जी वीज ट्रान्सफॉर्मर जाळणार होती ती बल्बने स्वतःवर घेतली. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच लागतो. इतक्या थोडक्या सामानात इतकी खात्रीची तपासणी करणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

त्यानंतरची तपासणी मल्टिमीटरची. मेकॅनिकला, स्पीकर न लावता, ट्रान्झिस्टर ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजायला सांगा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. दोन-चार व्होल्ट दिसले तर त्या ॲम्पला चांगला स्पीकर लावू नका, त्याची कॉइल जळेल. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा नियम अगदी उलटा आहे. तो स्पीकरशिवाय चालू करायचा नसतो, नाहीतर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. शिवाय व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. ते झाकण जाणत्या माणसानेच उघडावं.

बाकीचे आजार किरकोळ असतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण वीस-तीस वेळा दोन्हीकडे फिरवणं पुरतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकले असतील तर बदलावे लागतात. नवे घालताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमानाचे घ्यावेत.

घूंऽऽ असा आवाज मात्र भल्याभल्यांना रडवतो. टर्नटेबलमधून दोन लाल-पांढऱ्या आरसीए पिनांबरोबर एक पातळशी तिसरी तार येते. ती ॲम्पच्या मागे 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला आवळायची. ही तार मोकळी लोंबकळत राहिली म्हणून चांगला टर्नटेबल परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत. तार लावूनही आवाज राहिला तर ॲम्प, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणून पाहा. निरनिराळ्या भिंतींतल्या सॉकेटमधून अर्थिंग आलं की त्यांच्यात एक वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. केबल टीव्हीची वायर काढून पाहा, कित्येकदा आवाज तिथूनच येतो. पण गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन कधीही कापू नका. ती तुमच्या जिवासाठी आहे.

टीव्ही जोडताना लोक सगळ्यांत जास्त गोंधळतात, आणि खरं तर तेच सर्वांत सोपं आहे. नव्या टीव्हीला लाल-पांढरी आउट सॉकेटं नसतात, पण ऑप्टिकल सॉकेट बहुतेकांना असतं. त्यातून लाल उजेड बाहेर पडतो. ऑप्टिकल ते आरसीए असा एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचा ॲनालॉग करणारा डबा, घ्यायचा आणि त्याची दोन टोकं ॲम्पच्या ऑक्समध्ये लावायची. मग टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करायचं. ही पायरी राहिली की टीव्ही डॉल्बीचा बांधलेला प्रवाह पाठवतो, साध्या डॅकला तो उलगडता येत नाही, आणि स्पीकर गप्प बसतो किंवा नुसता खरखरतो. टीव्हीसाठी ब्लूटूथ टाळा. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मागे राहतो आणि बातम्या देणाऱ्या माणसाचे ओठ आणि शब्द वेगळे पडतात. फोनवरून गाणं ऐकताना हा उशीर कळत नाही, तिथे ब्लूटूथ रिसीव्हर खुशाल लावा.

जुन्या ॲम्पच्या ऑक्सला पूर्ण आवाजासाठी १५०-२०० मिलिव्होल्ट पुरतात आणि नवा डॅक २ व्होल्ट देतो. म्हणून व्हॉल्यूम जरासा फिरवला तरी घर दणाणतं. डॅकमध्ये किंवा फोनमध्येच आवाज खाली आणा, म्हणजे ॲम्पचं बटण मधल्या भागात वापरता येईल. तिथे डावा-उजवा तोलही चांगला राहतो. ऑक्स भरलेलं असेल तर 'टेप' किंवा 'टेप मॉनिटर' लिहिलेलं सॉकेट वापरा. तेही ऑक्ससारखं लाइन पातळीचंच आहे. फिलिप्सच्या जुन्या सेटवर आरसीएऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट दिसतं. त्याला तयार वायर मिळते. जोडून घ्यायची असेल तर मधली पिन अर्थ, तिसरी डावी आणि पाचवी उजवी. पिनांचे आकडे क्रमाने नसतात, ते सॉकेटवरच कोरलेले असतात, पाहून घ्या.

स्पीकर निवडताना वॉटच्या आकड्याने हुरळू नका. नव्वदच्या दशकात खोक्यांवर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापत असत. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आरएमएस वॉट बघा, आणि त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता. ८८ डेसिबलचा स्पीकर म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज. घरात आपण सत्तर-पंचाहत्तर डेसिबलला ऐकतो, म्हणजे एका वॉटचा छोटासा भाग. त्यामुळे सानसुई, मरांट्झ, पायोनियर यांचा पंधरा-वीस वॉटचा जुना ॲम्प दहा बाय बाराच्या खोलीला भरपूर होतो. दर तीन डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात. म्हणून ८५ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेणं हे चौपट ताकदीचा ॲम्प घेण्यासारखं आहे.

ओहमचा नियम साधा: ॲम्पच्या मागे जे लिहिलंय त्याहून कमी ओहमचा स्पीकर लावायचा नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकांना समांतर जोडले की ४ ओहम होतात, हे लक्षात ठेवा. जुन्या स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, आणि आपल्या दमट किनारपट्टीवर तो लवकर होतो. रबराची किंवा कापडाची पट्टी टिकते. फोम बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. वायर कोणती, यावर फार डोकं शिणवू नका. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर दहा मीटर लांब ओढली तरी जाऊन-येऊन पाव ओहमही भरत नाही. उरलेले पैसे सतरंजी आणि जाड पडद्यांवर खर्च करा. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाजाचं जे नुकसान होतं, ते महागड्या वायरीने भरून येत नाही.

खरेदीबद्दल माझा निवाडा असा: ॲम्प जुना घ्यावा, सुई नेहमी नवी, डॅक नवाच, आणि जुना सीडी प्लेअर घेऊच नये, कारण त्याची लेसर गेली की ती मिळणं कठीण. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना फोन, त्याला लागणारी आरसीए वायर आणि जळाला तरी चालेल असा एक छोटा स्पीकर बरोबर न्या. दोन्ही चॅनेल, प्रत्येक बटण, प्रत्येक सॉकेट वाजवून पाहा. दुकानदाराने घाई केली तर तिथून निघा.

राहिल्या त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या. आपल्या देशात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली कोलकात्यात, आणि गौहर जान त्या पहिल्या गायिकांपैकी एक. पुढच्या अर्धशतकात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि कितीतरी नाट्यगायक याच तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत गायले. या तबकड्या लाखेच्या आहेत. स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसल्या तर लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड पुरतं, लेबल कोरडं ठेवा. त्यांची खाच एलपीच्या खाचेहून बरीच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते आणि फक्त घाण उचलते. त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते आणि ती अनेक कार्ट्रिजसाठी मिळते. ॲम्पवर 'मोनो' बटण असेल तर दाबा, बरीच खरखर तिथेच जाते. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून, ॲम्पच्या 'टेप आउट' मधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्फत संगणकात घ्या आणि तिथे वेग १.७३ पट करा. फार जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असतोच असं नाही, तेव्हा शेवटचा निर्णय पेटीवर सूर लावून घ्या.

मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून अशा तबकड्यांच्या अभ्यासाचं काम करत आली आहे. जाणते संग्राहक गावोगावी आहेत. तुमच्या घरात आजी-आजोबांच्या तबकड्या असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी लेबलवरचा क्रमांक आणि गायकाचं नाव वहीत उतरवा, योग्य सुईने एकदा वाजवून प्रत काढा, आणि मग त्या अशा एखाद्या संग्राहकाला दाखवा.